बटण तुमचं, कान आमचे

रा. रा. डीजेसम्राट,
मुक्काम पोस्ट प्रत्येक चौक, जिल्हा वाशिम
यांसी शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्याशी तोंडी बोलायची सोय उरलेली नाही. मागच्या लग्नसराईत मी एकदा तुमच्या गाडीपाशी येऊन हात जोडले होते. तुम्ही मोठ्या मनानं मिक्सरवरून खाली वाकलात, मी जिवाच्या आकांतानं काहीतरी ओरडले, तुम्ही हसून मान डोलावलीत आणि आवाज आणखी वाढवलात. ताईंनी फर्माईश केली असं वाटलं असणार. तुम्हाला दोष देत नाही. त्या जागी उभं राहून स्वतःचं नाव ऐकू आलं तरी पुष्कळ.

म्हणून हे लेखी. नाव तुमचं घालत नाही. एकाचं घातलं तर बाकीचे रुसतील, आणि शेजारच्या तालुक्यातले म्हणतील, आमचा बेस काय कमी होता?

आधी अभिनंदन. सर्वधर्मसमभावाचं जे काम पुढाऱ्यांना भाषणं देऊन जमलं नाही, ते तुम्ही एका आयशर गाडीवर करून दाखवलंत. वरात, जयंती, विसर्जन, संदल, कावड, सरपंचाचा विजय, कुणाच्या पोराचा पहिला वाढदिवस, तुमचा बेस सगळ्यांच्या छातीत सारखाच बसतो. आमचा जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा निघाला, 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. दवाखाने, शाळा, पाणी यांच्या वाटेकडे आम्ही डोळे लावून बसलो आहोत. तुम्ही मात्र वाट पाहायला लावली नाहीत. मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत जिथं एसटी वेळेवर पोचत नाही तिथं तुमचे भिंतीएवढे स्पीकर जनरेटरसकट पोचतात.

आता आमच्या घरच्या एका श्रोत्याची ओळख करून देते. वय सात. मुलगा. कान तपासून झाले आहेत, ऐकू उत्तम येतं. जरा जास्तच उत्तम येतं म्हणा. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो तो त्याला लागतो, बोटाला सुई लागावी तसा. डॉक्टर मंडळींकडे याला नावं आहेत. स्वमग्न मुलांत हा त्रास पुष्कळदा दिसतो, पण तेवढ्यावरून प्रत्येक असं मूल स्वमग्न ठरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. शेजारीपाजारी त्याला एकच नाव आहे: लाडावलेलं पोट्टं.

तुम्ही येणार हे गल्लीत सगळ्यांत आधी त्याला कळतं. अजून गाडी पाटणी चौकाच्या अलीकडे असते, आम्हाला काही जाणवतही नाही, आणि हा हातातली पेन्सिल खाली ठेवतो. मग उठून स्वयंपाकघरात जातो. आमच्याकडे भिंतीला स्टीलची मांडणी आहे, तिच्यावर पेले, ताटल्या, वाट्या. तुमचा बेस जवळ आला की ती भांडी आधी बारीक आणि मग जोरात खणखणू लागतात. पोरगं त्या मांडणीवर दोन्ही तळहात दाबून उभं राहतं. स्वतःचे कान उघडे, हात भांड्यांवर. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "हे तरी मले बंद करता येते."

हे वाक्य नीट वाचा, कारण पुढचं सगळं पत्र त्याच्यावर उभं आहे.

तुमचे चाहते आम्हाला सांगतात, "सवय लावा त्याले. आमची पोरं नाही का नाचत?" सल्ला मानला. सवय लावायला कुठं जातात याचा शोध घेतला. सरकारची एक चांगली योजना आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 पासूनची. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीचं पथक येतं, आणि शंका वाटली तर मुलाला पुढं जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतं. तुमच्या गाडीवर पाट्या लावायला जागा पुष्कळ आहे, एखादी याचीही लावा, आईबापांची पायपीट वाचेल. आम्ही हिंडत हिंडत अकोल्याला एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंकडे पोचलो. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, घरातले कोणते आवाज तो स्वतः करतो? आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

मग मिक्सरपासून सुरुवात झाली. मिक्सर लागला की हा घराबाहेर पळायचा. बाईंनी सांगितलं, बटण त्याच्या हातात द्या. पहिल्या दिवशी एक क्षण फिरवून बंद, दाण्याचा कूट तसाच जाडाभरडा. नंतर थोडं जास्त. आता घरातली चटणी तोच वाटतो आणि मला सांगतो, अजून बारीक पाहिजे का? कुकरचंही तसंच. किती शिट्ट्या होणार हे आधी सांगायचं, तो बोटं मोजतो, तिसरी झाली की गॅस बंद करायचा मान त्याचा. चौथी शिट्टी मात्र माफ होत नाही. ठरल्यापेक्षा एक शिट्टी जास्त झाली तर पुढचे दोन दिवस कुकरकडे पाठ.

शाळेतली घंटा हा मोठाच प्रश्न होता. तो सोडवला कुणी? शिपाईकाकांनी. ना त्यांनी कुठलं प्रशिक्षण घेतलं होतं, ना थेरपिस्ट बाईंची भेट. एक दिवस म्हणाले, "ये बाप्पा, तूच वाजव." तेव्हापासून मधल्या सुट्टीची घंटा हा वाजवतो, अशी दणकून की हेडसरांनी कानात बोटं घालावीत. त्याला स्वतःला काही होत नाही.

कानावर घालायचे ते इअरमफही आणले, कारखान्यातले कामगार घालतात तसे, हार्डवेअरच्या दुकानातून. चांगले निघाले. आवाज वीस-पंचवीस डेसिबलनं खाली येतो. पण दोन गोष्टी बाईंनी बजावल्या. दिवसभर घालून ठेवायचे नाहीत, नाहीतर कान उलट जास्तच हळवे होतात. गर्दीत शिरताना घालायचे, बाहेर पडलं की काढायचे. आणि दुसरी, खास तुमच्या कौतुकाची: असली साधनं किणकिणाट, शिट्ट्या, किंचाळ्या चांगल्या अडवतात, पण खालच्या पट्टीतला दणका त्यांना तितकासा अडवता येत नाही. तुमचा माल तर सगळा त्याच पट्टीतला. तो कानानंच येतो असं कुठं आहे, फरशीतून तळपायात शिरतो आणि बरगड्यांत वाजतो. बरगड्यांसाठी मफ निघालेले नाहीत. निघाले तर कळवते, आधी तुमच्या ऑपरेटरला लागतील.

शेवटी तुमचीच पाळी आली. तुमच्या वरातीचं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर केलं आणि ते घरी वाजू लागलं. सगळ्यांत कमी आवाजात, बटण त्याच्या अंगठ्याखाली, नको झालं की बंद, वाटलं तर पुन्हा सुरू. कुणी आग्रह करायचा नाही, शाबासकीची लालूच नाही. हळूहळू तो अर्ध्या आवाजापर्यंत पोचला. एकदा तर पाय हलवत होता. सम्राट, आमच्या घरात तुमच्या संगीताचा रियाज झाला, आणि तोही फुकट.

मग तुम्ही मूळ प्रत घेऊन दारात आलात.

तुम्हाला एक जुना प्रयोग सांगते, तुमच्या धंद्याचा आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसांना बसवून मध्येच कुठूनतरी कर्कश आवाज ऐकवले. काहींच्या हाताशी एक बटण ठेवलं आणि सांगितलं, असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज सगळ्यांनी तेवढाच ऐकला. पण नंतर कोडी सोडवायला आणि मुद्रितं तपासायला दिली तेव्हा बटणवाले बिनबटणवाल्यांपेक्षा पुष्कळ सरस ठरले. त्यांचं पुस्तक 1972 मध्ये निघालं. आमच्या शिपाईकाकांनी ते वाचलेलं नसणार.

आता तुमच्या गाडीवरचा देखावा पाहा. बटणं किती! सरकवायच्या दांड्या, फिरवायच्या चकत्या, लाल-निळे दिवे. ती सगळी एका माणसाच्या हाताखाली आणि त्या माणसाला विसार देणाऱ्या चार जणांच्या इशाऱ्यावर. उरलेल्या वॉर्डात बाळंतीण आहे, दहावीची मुलगी आहे, पायाला प्लॅस्टर घातलेले आजोबा आहेत, आमचं पोरगं आहे, त्यांच्या हातात मिळून शून्य बटणं. म्हणे, त्याला सवय लावा. त्यानं मिक्सरची लावली, कुकरची लावली, घंटेची लावली, तुमचीही अर्धी लावली. एखादी सवय तुम्हीही लावून घ्या की. दांडी खाली सरकवायची. सुरुवातीला बोट दुखेल.

नियम सांगितले की तुम्हाला झोप येते हे ठाऊक आहे, तरी थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रस्त्यावर भोंगा लावला तर त्या जागेच्या हद्दीवर वस्तीच्या मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, यांतलं जे कमी ते. म्हणजे आमच्या गल्लीत तुम्हाला दिवसा 65. मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलअली वर्षानुवर्षं मीटर घेऊन मिरवणुकांत फिरतात, त्यांच्या नोंदी 100 च्या पार जातात. तुमचं साहित्य मुंबईपेक्षा कमी आहे असं म्हणून मी तुमचा अपमान करणार नाही. 65 चे 105 झाले तर तुम्ही म्हणाल, चाळीसच तर वाढले. डेसिबलचा हिशेब सावकारी व्याजासारखा नसतो, त्याहून वाईट असतो. दर दहाला ऊर्जा दसपट. चाळीस म्हणजे दहा हजार पट.

रात्री 10 ते सकाळी 6 बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता. तुम्हीही ती पाळता म्हणा: दवाखान्यासमोर आलात की पुढं सरकतच नाही, तिथंच शांतपणे उभं राहून तीन गाणी वाजवता.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2005 मध्ये सांगितलं की बोलण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण न ऐकण्याचा हक्कही आहे. कुणाच्या कानात जबरदस्तीनं आवाज ओतता येत नाही. 2018 मध्ये तुमच्या व्यवसायबंधूंची संघटना विसर्जनात डीजेला परवानगी मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तेव्हा दिलासा न घेता परत आली. 2025 च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं भोंग्यांच्या एका प्रकरणात पोलिसांना बजावलं, तक्रार करणाऱ्याचं नाव फोडू नका. आधी समज द्या, मग दंड, मग जप्ती.

हा शेवटचा निकाल मला फार आवडतो. गल्लीत राहून तक्रार करणं म्हणजे काय हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. मी एका रात्री 112 लावला. माणसं आली, वेळेत आली, सभ्य होती. म्हणाली, "ताई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. लग्न काय रोज होते?" खरं आहे. नवरदेवाचा एकच दिवस असतो, मंडळाचा एकच, जयंतीचा एकच, निकालाचा एकच. प्रत्येकाचा एकच दिवस, आणि तुमचे बारा महिने. त्यांनी जाताना तुमच्याशी काहीतरी बोलणं केलं, तुम्ही आवाज कमी केलात. गाडी वळणापर्यंत जाईपर्यंत कमी राहिला. पोलिसांची गाडी. सकाळी दूधवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं की फोन कुणी केला.

आता म्हणाल, ताईंना आनंदच बघवत नाही. बाई वाजंत्रीच्या विरोधात आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात डफडं आणि सनई होती, तुमच्या आजोबांच्याही असणार. परण्या मारुतीला निघायचा तेव्हा डफडेवाले पुढं, आणि थोडं वाजवून झालं की कातडं सैल पडायचं. मग रस्त्याच्या कडेला कागद-पाचोळा पेटवून डफडं शेकायचं, तेवढा वेळ सगळं शांत. बायका पदर सावरायच्या, म्हातारे बिडी ओढायचे, नवरदेवाच्या घोड्याला पाणी. खेड्यातल्या एका लग्नात अजून हे होतं म्हणून मुद्दाम मुलाला नेलं. डफडं सुरू झालं तेव्हा हा माझ्या मागं, हात कानांवर. शेकायला थांबले तेव्हा हात खाली. पुन्हा सुरू, हात वर, पण जरा सैल. तिसऱ्या खेपेला तो शेकोटीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्या म्हाताऱ्या डफडेवाल्याला विचारलं, आता वाजवणार का? म्हाताऱ्यानं डफडं त्याच्या हातात दिलं. वाजवणाऱ्याचे हात दुखतात, कातडं थंड होतं, सनईवाल्याला दम लागतो. डिझेलला यातलं काहीच होत नाही, ही तुमची प्रगती.

पोहरादेवीला बंजारा समाजाचा नगारा ऐकला तेव्हाही आम्ही आधी लांब उभं राहून ऐकला, मग जवळ गेलो. डव्ह्याच्या यात्रेत गर्दीच्या कडेनं चाललो, परतीची वाट आधी बघून ठेवली, आणि घरून निघतानाच त्याला सांगितलं की नको झालं तर माझा हात दोनदा दाब, आपण निघू. त्यानं एकदाच दाबला. गुळाची जिलेबी हवी होती.

आणि लग्नाचं म्हणाल, तर पत्रिकेवर मुहूर्त छापतात 11 वाजून 51 मिनिटं, मिनिटाला मिनिट लावून. लागतं अडीचला. मे महिना, डांबर वितळतंय, वऱ्हाडी मंडळी मंडपात पत्रिकेनं वारा घेत बसलेली, आचारी तिसऱ्यांदा भात झाकतोय, आणि नवरदेव अजून पेट्रोल पंपापाशी, कारण तुमचं गाणं संपायचंय. गुरुजी मंगलाष्टकं इतक्या घाईत उरकतात की अक्षता हवेत असतानाच सावधान होऊन जातं. एवढा ग्रहांचा मान राखून काढलेला मुहूर्त तुम्ही एकट्यानं बदलता. सम्राट उगाच म्हणत नाही मी.

एक घरगुती चौकशी राहिली. तुम्ही बोलताना हल्ली ओरडता का? घरात टीव्हीच्या आवाजावरून वहिनींशी वाद होतो का? रात्री गाडी लावून पडलात की कानात बारीक शिट्टी वाजत राहते का? अमेरिकेतल्या कामगार-आरोग्यवाल्यांचं कोष्टक आहे: 85 डेसिबलमध्ये आठ तास काम चालेल, 100 मध्ये पंधरा मिनिटं. तुमची वरात पंधरा मिनिटांत तर चौकसुद्धा ओलांडत नाही. कानाच्या आत शंखात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार, आणि माणसाच्या मेलेल्या परत येत नाहीत. ज्यांना तुमच्या आवाजाची सवय झाली असं वाटतं, त्यांच्या पेशींचं काय झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. तुमच्या गाडीपुढं नाचणाऱ्या पोरांनाही तेच होतंय, फक्त त्यांना ते कळायला अजून काही वर्षं आहेत. आमच्याला आजच कळतं आणि तो ते लपवत नाही, म्हणून तो आजारी.

तुमच्यावर कर्ज आहे हेही मी जाणते. गाडीचे हप्ते, जनरेटर, दर हंगामाला नवे टॉप नि नवे बेस, कारण बाजूच्या गावचा दोन खोकी जास्त लावतो. गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न विचारतं, किती वाजते? कमी आवाजाचा डीजे कोण बोलावणार, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पण मग तसं कबूल करा. परंपरा, श्रद्धा, संस्कृती यांना मध्ये आणू नका. त्या बिचाऱ्या तुमच्या जनरेटरमागं उभ्या राहून केव्हाच्या बहिऱ्या झाल्यात.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गाव दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवतं, पोरांच्या अभ्यासासाठी. भोंगा वाजवून शांतता करणारी माणसं या राज्यात आहेत, म्हणजे यंत्राचा दोष नाही हे मान्य.

तेव्हा मागणं लहान आहे. तुळशीचं लग्न झालं की तुमच्या तारखा पक्क्या होतात. आमच्या रस्त्यानं जाणाऱ्या वरातींची यादी, दिवस आणि वेळ लिहून, मोबाइलवर पाठवून द्या. आम्ही ती फ्रीजवर चिकटवू, पोरगं रोज वाचेल, त्या दिवशी त्याला मावशीकडे नेऊ किंवा इअरमफ काढून ठेवू. जे येणार हे माहीत असतं ते त्याला निम्मं सोपं जातं. दिलेली वेळ मात्र पाळा, चौथ्या शिट्टीचं सांगितलंच आहे. दुसरं, दर गाण्यानंतर दोन मिनिटं थांबा, डफडं शेकतोय असं समजून. तिसरं, 65. हे तिसरं मागणं नाही, ते नियमात आहे, आठवण म्हणून लिहिलं. आणि एखाद्या दुपारी गाडी रिकामी असेल तेव्हा पोराला घेऊन येते, तुमची ती मोठी दांडी त्याला एकदा खाली सरकवू द्या. कशी सरकवायची हे तुमच्या ऑपरेटरनंही शेजारी उभं राहून पाहिलं तर बरं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपल्या मार्गावरची एक रहिवासी

ता. क. तुमच्या मागच्या भेटीत बैठकीच्या खिडकीची काच तडकली. नवी काच, पुट्टी आणि मजुरी धरून 450 रुपये झाले, पावती सोबत जोडली आहे. रोख चालेल, मोबाइलवरून पाठवले तरी चालतील. वरातीत उधळलेल्या दहाच्या नोटा मात्र नकोत, त्या फार चुरगळलेल्या असतात.